धुतलेली बाटली
शनिवारी दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडर दिनानाथने मटिल्डाची बाटली हुंगली, परत ढकलली. "घासलेटचा वास येतो. धुऊन आण." "पोर तापानं फणफणलंय, दादा. मागं फळीवर रिकाम्या बाटल्या हायत, त्यातली एक द्या." "त्या दवाखान्याच्या. औषध हवं त्यानं बाटली आणायची." मटिल्डाच्या घरात दुसरी बाटली नव्हती. ती पाचूबंदरला घरी धावली, राखेने बाटली घासली, विसळली, पुन्हा घासली. परतली तोवर बारा वाजले, खिडकी बंद. रविवारी दवाखान्याला सुट्टी; तापाला कसली सुट्टी? सोमवारी खिडकी उघडली तेव्हा मटिल्डा रांगेत पहिली होती. "प्यायच्या पान्यानं धुतलीय, बघा." दिनानाथने हुंगली. "हां, आता कसं! पोर कसंय?" "काल माती दिली त्याला." कंपाउंडरने बाटली तिच्याकडे सरकवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्या फळीवर," ती म्हणाली. "माझ्यामागं जी उभी हाय, तिच्याकडं बाटली नाय."