पाच वर्षांचा आराखडा

बुकोबाकडच्या आमच्या सरकारी इस्पितळात डॉ. केमिलेम्बे नव्या संचालिका म्हणून आल्या. कारभार सुधारायचा म्हणून पाच वर्षांचा आराखडा ठरवायला त्यांनी आम्हा सगळ्या नर्सांना सभागृहात बसवलं. विषय होता, ‘बाळंतपणाला आलेल्या बायांना ताटकळावं का लागतं?’ आम्ही आमच्याकडचा आवडता खाऊ, तळलेले नाकतोडे, कुरकुर चावत अगदी रंगात येऊन भांडत होतो, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात सासूच्या खांद्यावर रेलून दिवस भरलेली कोकुगोंझा उभी, कळांनी वाकलेली.

“अगं बायांनो, वॉर्डात चिटपाखरू नाही!” सासू कडाडली. “तुमचं भाषण संपेपर्यंत बाळ थांबणार आहे का?”

मग काय विचारता! बशा उडाल्या, टेबलं जोडली गेली, खिडक्यांचे पडदे ओढून आडोसा झाला. एकीनं पाठ धरली, एकीनं हात, बाकीच्या “लाव जोर, लाव!” म्हणून ओरडत होत्या. डॉक्टरबाईंनी स्वतः बाह्या सरसावून बाळ झेललं. पोरगी टाहो फोडून रडली आणि आम्ही जिभा नाचवत असा उलूलू केला, की बाहेर रांगेतले पेशंटही नाचायला लागले.

डॉक्टरबाई मात्र ओशाळल्या होत्या. कोकुगोंझाचा हात धरून म्हणाल्या, “माफ कर गं. आमच्या मीटिंगपायी तुझे फार हाल झाले.”

कोकुगोंझा घामेजल्या तोंडानं खुदकन हसली.

 

“हाल कसले, डॉक्टरबाई? आधीच्या बाळंतपणांना घसा फुटेस्तोवर ओरडले तेव्हा कुठे एक नर्स आली. तुम्ही आपली ही मीटिंग रोज घ्या!”