लार्च हिलचा लौकिक

“आत्महत्या हा शब्द या खोलीत उच्चारायचा नाही,” सिरिल वॉब्रिजच्या मृत्यूची चौकशी करायला बसलेल्या पंचांचे प्रमुख अँब्रोज टेटलो म्हणाले.

बेकरीवाला पेग हटेना. “अहो, स्वयंपाकघर गॅसनं भरलेलं, आणि दाराखाली चिंध्या कोंबलेल्या!”

“जानेवारी आहे, पेग. तुमच्या घरी वारा शिरत नाही वाटतं?”

“आमच्या घरी भट्टी आहे, साहेब.”

बाकीचे पंच हसले. टेटलो हसले नाहीत. महायुद्ध संपल्यापासून लंडनच्या या उपनगरात माणसे हृदयविकाराने, दम्याने, वार्धक्याने, म्हणजे प्रतिष्ठेने मरत आली होती. स्वतःच्या हाताने मरणे हा शहरातल्या भाडेकऱ्यांचा प्रघात. त्यातून सिरिल वॉब्रिज युद्धवीर! तोफगोळ्याने त्याच्या दोन्ही हातांची बोटे कायमची मुठीत आखडली होती. क्लबात त्याच्या ओठांशी बिअरचा पेला धरण्याचा मान टेटलो दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसत. अशा माणसाच्या शवपेटीवर ध्वज हवा, कलंक नव्हे.

“बायको चर्चमध्ये होती,” ते म्हणाले. “सिरिलला चहाची तल्लफ आली. किटली उतू गेली, ज्योत विझली. अपघात.”

पंचांनी माना डोलावल्या. चौकशी चालवणारे सरकारी अधिकारी, म्हणजे कोरोनर, यांनीही डोलावली; तेही लार्च हिललाच राहत.

संध्याकाळी टेटलो स्वतः निकाल सांगायला गेले. एडिथ वॉब्रिज काळ्या पोशाखात स्वयंपाकघरात उभी होती.

“खरं काय ते आपल्याला ठाऊक आहे,” ते हळूच म्हणाले. “युद्धानं खचला होता बिचारा. पण मी ते कुणाला बोलू दिलं नाही. सिरिलला सन्मानानं निरोप मिळेल.”

“म्हणजे पुन्हा चौकशी नाही?”

“लार्च हिलचा निकाल फिरत नाही, मिसेस वॉब्रिज.” त्यांची छाती फुगली. “बसा तुम्ही. आज चहा मी करतो.”

त्यांनी काडी ओढली आणि गॅसची किल्ली फिरवू लागले. ती जागची हलेना. काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली.

“काडी माझ्याकडे द्या आणि दोन्ही हात लावा,” एडिथ शांतपणे म्हणाली. “फार घट्ट आहे ती. त्यांच्या हातांनी कुठली फिरायला, आणि चिंध्या तरी कुठल्या कोंबायला? त्या दिवशी निघताना मीच उघडून गेले.”