बंदरांची कार्डं

ओडवार बत्तीस वर्षं याच किनाऱ्यावरच्या बोटींवर नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच तो बायकोला, गुनवोरला घेऊन, तिकीट काढून बोटीने निघाला. स्वोलवेर बंदर आलं, तसा मागचे सरळसोट डोंगर बघून कठड्याशी आ वासून उभा राहिला.

गुनवोरला नवल वाटलं. "असा काय बघतोयस? 'इथले डोंगर बघून डोळे निवतात' असं दर खेपेला कार्डावर लिहायचास की!"

"कार्डावरचं चित्र बघून लिहायचो. कार्डं आचारी आणून द्यायचा. मी खाली, इंजिनापाशी."

गुनवोरने हातातलं चीज लावलेलं वॉफल मोडून अर्धं त्याला दिलं.

"मग फिट्टंफाट झाली," ती म्हणाली. "मीही दर पत्रात लिहायचेच ना, 'इकडची काळजी करू नकोस, आम्ही मजेत आहोत.'"