न तुटणारी पट्टी

"सगळ्याच कातायला बसू नका गं. लोकर तेवढीच, हात जास्त, मग धागे आखूड निघतात," आई म्हणायची.

सारजाला ते प्रयोगशाळेत आठवलं. तिच्या जिवाणूंनी बनवलेलं, मातीत विरणारं प्लास्टिक दोन वर्षं पापडासारखं मोडत होतं. त्याच्या रेणूंच्या साखळ्याच आखूड व्हायच्या. आजची पट्टी मात्र ताणूनही तुटेना. म्हणजे साखळ्या लांब झाल्या होत्या; कातणारे हात कमी पडले असतील?

"काका, साखळ्या जोडणारं एन्झाइम या वेळी कमी झालं असेल का? ते वाढवणारं औषध किती घातलंत?"

"वहीत लिहिलंय तेवढंच," म्हणत प्रयोगशाळेतले जुने मदतनीस तांबेकाका बाटल्या पुसू लागले.

"मग असं पुन्हा कसं जमवणार आपण?"

काकांचा हात थांबला.

"निम्मंच घातलं, मॅडम. औषध संपलं होतं. तीस वर्षांत वहीत पहिल्यांदाच खोटं लिहिलं."