नवऱ्याचा रकाना

“नवऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय इथं तंबू लागायचा नाही,” जंगलखात्याचा गिरधर नाकेदार म्हणाला आणि त्यानं रजिस्टर मांडीवर ओढलं.

तंबू तर लागला होता. बुऱ्हाणपूरच्या चार मास्तरणी बैलगाडीतून उतरल्या, तळ्याकाठच्या मोहाखाली खुंट्या ठोकून मोकळ्या झाल्या. एकीनं तीन दगड मांडून चूलही पेटवली.

असीरगढामागचं हे रानतळं. साहेब गेला, संस्थानं विरली, परवाच नवं राज्य झालं. रजिस्टर तेवढं जुनंच राहिलं. बाईच्या नावाला त्यात रकाना नव्हता. नवऱ्याचं नाव, गाव, बस्स. नाव नसेल तिनं दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. गाडी एकच, म्हणजे चौघींनाही.

गिरधरला इथं बरं होतं. तुकईथडची केळी, मायबाप, सारं मागं टाकून त्याला अठरा वर्षं झाली होती. गावाचं नावही तो काढत नसे.

“सरळ घेता येत नसेल तर उखाण्यात घ्या,” तो मिशीत हसला.

सुलभाबाईंनी कमळाच्या पानावर दिगंबररावांना बसवलं. दुसऱ्या दोघींनीही हसत यमक जुळवलं. गिरधर डाव्या हातानं लिहीत गेला.

चौथी बाई चूल फुंकत होती. कपाळावर कुंकू ठसठशीत.

“माझं नाव लिहा,” ती म्हणाली. “खुंट्या मी ठोकल्या.”

“त्याला रकाना नाही. मालकाला विचारून आलात ना?”

“विचारायला तो होता कुठं?”

गिरधरला चेव आला. नवऱ्याला न पुसता रानोमाळ हिंडणाऱ्या बायांबद्दल तो बरंच बोलला. आपली घरवाली आशाबाई कशी उंबऱ्याआड राहते, तेही त्यानं ऐकवलं. आवाज चढला तशी आशाबाई झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली.

सुलभाबाई हळूच म्हणाल्या, जाऊ दे गं, परत फिरू. आणि खुंटीला हात घातला.

चौथीनं त्या खुंटीवर पाय रोवला. “हलायची नाही ही. एवढ्या तळ्यांतून हे तळं मी उगाच नाही निवडलं.”

राखेचे हात झटकून तिनं पदर खोचला. त्याच्या डाव्या हाताकडे एकवार पाहिलं.

“घ्या लिहून. मागून खोडू नका.

तळ्याकाठी रोवला तंबू, चूल तीन दगडांची;
तुकईथडच्या गिरधररावांचं नाव घेते, वाट अठरा वर्षांची.”