उरलेली एक ओळ

मुलांनो, समजा, तुम्ही घराची सगळी दारं लावलीत, खिडक्या लावल्यात, कड्या घातल्यात. तरी भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंच आहे. मग वारा येतोय कुठून? सोलापुरात चादरी विणणाऱ्या खाजाभाईंच्या दुकानात, संगणकापुढे बसलेल्या त्यांच्या मुलीची, बारा वर्षांच्या माहेनूरची, त्या शनिवारी दुपारी अगदी तशीच गत झाली होती.

तिच्यामागे प्रभुकाका आपला डबा पिशवीत भरत होते. चादरींचे नमुने संगणकावर काढणारे प्रभुकाका या दुकानात अकरा वर्षं होते. आज त्यांचा शेवटचा दिवस, असं अब्बांनी तासाभरापूर्वी ठरवलं होतं.

काल, शुक्रवारी दुपारी दीड वाजता, दुकानाच्या मेलवरून सगळ्या व्यापाऱ्यांना एक पत्र गेलं होतं. 'नवे नमुने पाहा.' ज्यांनी पाहिले, त्यांचे संगणक ठप्प झाले. सकाळपासून फोन थांबत नव्हता. आणि शुक्रवारी दीड वाजता अब्बा आणि बाकी कामगार नमाजला गेलेले असतात. दुकानात एकटे प्रभुकाका असतात.

"त्या येळेला मी ओट्यावर भाकरी खातो, भाई. दर शुक्रवारी तितंच बसतो की."

"मग पत्र कुणी पाठवलं? भुतानं?" अब्बा म्हणाले.

प्रभुकाकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

खरं काय ते शोधायला माहेनूरने अब्बांकडून अर्धा तास मागून घेतला होता. शाळेतल्या बाईंनी नुकतंच शिकवलं होतं. संगणक बाहेर कुणाशी बोलतो, तेव्हा त्याच्यापासून जणू एकेक धागा निघतो. एक आज्ञा दिली की त्या सगळ्या धाग्यांची यादी पडद्यावर येते. धागा कुठल्या पत्त्यावर गेलाय, जोडलेला आहे की तुटलाय, आणि ओळीच्या शेवटी एक आकडा. त्या आकड्यावरून धागा कुठल्या प्रोग्रामचा ते शोधता येतं.

यादी आली. चाळीसेक ओळी होत्या.

"काका, कुठून सुरू करू?"

प्रभुकाका पिशवी ठेवून जवळ आले. मागावर गुंता झाला की जे सांगायचे, तेच त्यांनी सांगितलं. "वळखीचे धागे आधी बाजूला काढायचे. उरंल त्यो धरून मागं मागं जायचं. गाठ सापडंपर्यंत सोडायचा न्हाय."

तिने इंटरनेट बंद न करता एकेक प्रोग्राम बंद केला. नमुन्यांचा केला, मेलचा केला. दर वेळी यादी पुन्हा मागवली. ओळी गळत गेल्या. काही हलेनात. तिला धडकी भरली, पण आकडा शोधल्यावर एक निघाली व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रामची, दुसरी खुद्द संगणकाची. अनोळखी दिसणारा प्रत्येक धागा चोराचा नसतो.

शेवटी एक ओळ उरली. सगळं बंद होतं, तरी ती जोडलेली होती. आकडा जुळवला, तर नाव निघालं लांबून दुसऱ्याचा संगणक चालवायच्या प्रोग्रामचं.

तेवढ्यात पडद्यावरचा बाण जरासा सरकला. माहेनूरचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने मागची इंटरनेटची वायर उपटली.

"अब्बा, कुणीतरी लांबून रोज बघत होतं. शुक्रवारी खुर्ची रिकामी असते, हे त्याला कळलं होतं. काकांनी नाही पाठवलं."

अब्बांनी फोन कानापासून दूर धरला. "आतून कडी काढल्याशिवाय बाहेरचा आत येतो का? ते या यंत्रात घातलं कुणी? या खुर्चीवर दुसरं कोण बसतं?"

प्रभुकाका ओट्याच्या पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

तो प्रोग्राम संगणकात कधी घातला गेला, ते माहेनूरने शोधून काढलं. चौदा मे. शेजारी एक छोटंसं जांभळं चित्र होतं. ते तिने आधी पाहिलं होतं.

चौदा मेला सगळं दुकान बार्शीला गेलं होतं, प्रभुकाकांच्या मुलीच्या, सोनमच्या लग्नाला. माहेनूरला ताप होता. तिची आत्या, नाजनीनफुफी, वर घरात झोपली होती. माहेनूर खाली दुकानात येऊन संगणकावर खेळ शोधत बसली, आणि त्यातून एकदम भोंगा वाजायला लागला. पडद्यावर 'धोका' अशी लाल अक्षरं आली, खाली फोन नंबर आला. घाबरून तिने तो लावला. फोनवरचा माणूस तिला 'बेटी, बेटी' म्हणत होता. त्याने सांगितला तो प्रोग्राम तिने संगणकात घातला, मग पडद्यावर आलेले नऊ आकडे त्याला वाचून दाखवले. बाण आपोआप फिरला, भोंगा थांबला. काकांच्या संगणकाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. म्हणून ती गप्प राहिली. मग खरंच विसरून गेली.

अब्बा कुणाची तरी माफी मागत होते. पडद्यावर त्या जांभळ्या चित्रासमोर 'काढून टाका' असं लिहिलेलं होतं. एकदा दाबलं की प्रोग्राम जाणार होता, तारीखही जाणार होती. तिचं बोट माऊसवर होतं.

ते तिने उचललं. खुर्चीवर चढून भिंतीवरची सोनमची लग्नपत्रिका टाचणीसकट काढली आणि पडद्याला लावून धरली.

"अब्बा, दोन्ही तारखा बघा. त्या दिवशी काका मांडवात होते. तुम्ही सगळे तिथंच होता." तिने पत्रिका खाली घेतली. "इथं मी होते."

अब्बांच्या फोनवरचा व्यापारी हॅलो हॅलो करत राहिला. माहेनूर ओट्यावर गेली, पायरीवर बसली आणि प्रभुकाकांच्या बुटाची गाठ सोडायला लागली.