पोर्ट रिकामा नाही

सर्व्हर सुरू होत नव्हता, आणि कालिना यायला जेमतेम तास उरला होता.

ओरेस्ट तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या स्टुलावर बसला होता. पडद्यावर चौथ्यांदा तेच लाल वाक्य आलं: पोर्ट रिकामा नाही. म्हणजे खेळ ज्या दारातून लोकांना आत घेतो, ते दार कोणीतरी आधीच अडवलेलं आहे. कोणी, ते काही वाक्यात नव्हतं. सकाळी न्याहारी करायच्याही आधी त्याने खेळाची नवी आवृत्ती टाकली होती, मशीन बंद करून पुन्हा लावलं होतं, आणि तेव्हापासून हे सुरू होतं. जुनी आवृत्ती सुरळीत चालली होती. पण चालत्या गाड्याला खीळ घालायची खोड त्याला पहिल्यापासूनच.

कालिना त्याची लेक, अकरा वर्षांची. ती आईबरोबर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला, आणि तो इकडे ब्रँडनला एकटा. फोनवर ती "हं" आणि "ठीक" यापलीकडे बोलायची नाही. पण शनिवारी एक वाजता दोघं त्या ठोकळ्यांच्या जगात शिरले की तिची टकळी थांबत नसे. भिंती रचता रचता ती शाळेतली भांडणं, आईचा नवा मित्र, त्याचं ते घोरणं, सगळं लिहून सांगायची. अडीच वर्षांत दोघांनी तिथे एक दीपगृह बांधलं होतं, त्याच्या पायथ्याशी अख्खं गाव. ओरेस्टला मुलगी भेटायची ती त्या गावातच.

"लाल ओळी वरून वाच, खालून नको," गॉर्ड फोनवर म्हणाला. तो धान्याच्या कोठारावर ओरेस्टबरोबर कामाला होता, आणि असल्या बाबतीत सगळे त्यालाच विचारत.

"वरूनच वाचतोय रे. पोर्ट रिकामा नाही."

"मग आधीचं काहीतरी भूत बसलं असेल दारात. हाकल त्याला."

"कोण आहे ते बघू का आधी?"

"बघ की, संध्याकाळपर्यंत बघत बस. पोरगी किती वाजता येते म्हणालास?"

ओरेस्टने न बघताच हाकललं. नवा सर्व्हर उठला आणि लगेच कोसळला. आता म्हणे जगाला कुलूप आहे, कोणीतरी ते अजून वापरतंय.

"वैताग आहे," गॉर्ड म्हणाला. "सगळंच पुसून टाक. जगाच्या फोल्डरसकट. कोऱ्या पाटीवर चालू कर आणि मग जुनं जग राखीव प्रतीतून परत आण. प्रत आहे ना?"

"रोज निघते. हिरवी खूण येते."

"उघडून पाहिलीस कधी?"

"अरे, हिरवी खूण येते म्हटलं ना."

"मग पूस."

पुसल्यावर सर्व्हर पहिल्या फटक्यात सुरू झाला. ओरेस्टने आनंदाने मांडीवर थाप मारली आणि प्रत उघडली.

प्रतीत एकच ओळ होती. मागच्या हिवाळ्यात डिस्क भरली म्हणून त्याने ते जग मोठ्या डिस्कवर हलवलं होतं आणि जुन्या जागी नुसती पाटी ठेवली होती, अमुक ठिकाणी जा अशी. वर्षभर रोज हिरवी खूण करून त्या पाटीची प्रत निघत होती. ती जिकडे बोट दाखवत होती ते जग त्याने आत्ताच स्वतःच्या हाताने पुसलं होतं, आणि त्या जागेवर आता नवं, रिकामं जग लिहून झालं होतं.

"गॉर्ड, आता रे?"

"उघडून बघायची असते रे प्रत," गॉर्ड एवढंच म्हणाला. तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला. कालिनाचा होता. बाबाला ती तातो म्हणायची.

"तातो, मला बाहेर का काढलंस?"

"तू आत होतीस?"

"कधीची! तुझा वाढदिवस आहे ना सोमवारी. तुझ्यासाठी खोली बांधत होते, दीपगृहाच्या अगदी वर. आता परत गेले तर नुसतं गवत आहे. आपलं गाव कुठेय?"

मशीन लागलं की सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, असं त्यानेच कधीकाळी लावून ठेवलं होतं. ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे सकाळपासून जुना सर्व्हर उत्तम चालला होता, आणि दार अडवलं होतं ते त्या सर्व्हरनेच. बिघडलेलं काहीच नव्हतं.

"माझ्या हातून चूक झाली, सोन्या. सगळं गेलं."

तो घाईघाईने पुढे बोलत राहिला.

"आपण नवं बांधू ना. आजच सुरू करू?"

"नको."

"मग पुढच्या शनिवारी?"

"ठीक," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

भट्टी घरघरत होती. ओरेस्टला वर जाववेना. त्याला रडू येत होतं आणि स्वतःची चीडही. मशीन आपल्या नोंदी वेगळ्या जागी ठेवतं, तेवढ्या पुसायच्या राहिल्या होत्या. त्याने जुन्या सर्व्हरची नोंद काढली आणि शेवटपर्यंत खाली नेली.

१०:१४ कालिना आत आली.

११:४० कालिना: तातो, लवकर आलास तर वर बघायचं नाही हं

१२:०६ सर्व्हर दहा सेकंदांत बंद होत आहे.

१२:०६ कालिना: तातो तू आहेस का? थांब ना, एकच खिडकी राहिलीये